मागे राहिलेला बेंजो

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर माणसांशी मैत्री करावी असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही. मी बेंजो आहे, वयाने तीस वर्षांचा, आणि सध्या माझी तीन बटणं बसली होती त्या रागात आहे.

माझा जन्म अलिबागजवळच्या खारेपाटातला. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला लाकडी झडप असते, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात. अशा एका मोडीत निघालेल्या उघाडीची सागवानी फळी भागोजीने घरी आणली आणि महिनाभर रंधा मारून तिची माझी पेटी केली. वर तारा ताणल्या, बाजूला टाइपरायटरसारखी बटणं बसवली, खाली स्प्रिंगा लावल्या. भागोजीला घडवता येत होतं, पण वाजवता येत नव्हतं. ते त्याचा धाकटा भाऊ दत्तात्रेय याला येत होतं. एकाच गल्लीत समोरासमोर दोन घरं. एकाने मला केलं, दुसऱ्याने बोलतं केलं. चौलपासून पेणपर्यंत एकही हळद अशी नसेल जिथे लोकांनी मला ऐकून घाम गाळला नाही. तेव्हा मला हार घालत, पेटीला हळदकुंकू लावत. त्या दिवसांची आठवण काढली की मला अजून वाईट वाटतं.

मग दोघांची पोरं मोठी झाली. दत्तात्रेयचा निकेश माझ्यावर बसला, भागोजीच्या अल्पेशने गिटार घेतली. ड्रमवर प्राप्ती नावाची पेणची मुलगी आली आणि तिघांनी मिळून ‘खारफुटी’ नावाचा रॉक बँड काढला. गिटारच्या गोंगाटात माझ्या गळ्यात वायर अडकवली, तेव्हा मला ते मुळीच आवडलं नव्हतं. लोकांना मात्र आवडलं. इतकं की युरोपातून बोलावणं आलं: चोवीस दिवस, एकोणीस गावं. तारखा पुढच्या वर्षीच्या, पण करारावर तिघांच्या सह्यासुद्धा झाल्या.

आणि तेवढ्यात भागोजीच्या हेमालीच्या लग्नाची पत्रिका छापून आली. निमंत्रकांत मामा होते, मावसे होते, सरपंच होते. दत्तात्रेय नव्हता. सख्ख्या भावाचं नाव सांगायला कशाला हवं, छापणाऱ्याला ठाऊक असणारच, असं समजून भागोजीने ते लिहूनच दिलं नव्हतं. ही गोष्ट तो एका वाक्यात सांगू शकला असता. पण त्याचं म्हणणं, भावाने येऊन विचारावं. दत्तात्रेयचं म्हणणं, भावाने येऊन सांगावं. पुतणीच्या हळदीला दत्तात्रेयने मला हातही लावला नाही. मांडवात भाड्याचा डीजे वाजला आणि मी समोरच्या घरात खुंटीला लटकून तो ऐकला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. आमच्याकडे नियम असा, की जो आधी बोलेल त्याचं घर हरलं.

पण सह्या झालेल्या होत्या, म्हणून वर्षभराने पोरं गेली. परदेशचा दौरा म्हणजे मौज, असं तुम्हाला वाटत असेल तर तो भ्रम सोडा. दौरा म्हणजे एका पांढऱ्या गाडीत रोज सहा तास, ओल्या मोज्यांचा वास, थंड पाव आणि दोन चुलत भावांची न बोलणारी तोंडं. जे काही सांगायचं ते प्राप्तीमार्फत. “त्याला सांग, आवाज कमी कर.” “त्याला सांग, आधी सूर लाव.” दोघं हातभर अंतरावर बसलेले असत. मंचावर मात्र माझी तान संपली की अल्पेशची गिटार बरोब्बर तिथून उचलायची, लोक वेडे व्हायचे आणि उतरताना हे दोघं दोन जिन्यांनी उतरायचे. गाडीतली डिकीसुद्धा वाटून घेतली होती. डावीकडचं सामान निकेशने भरायचं, उजवीकडचं अल्पेशने.

शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी, पोलंडमध्ये, एका पेट्रोल पंपावर प्राप्तीचं जाकीट शोधायला सगळं सामान खाली उतरवलं. मी उजवीकडच्या सामानात ठेवला गेलो. निकेशला वाटलं, त्या बाजूचं अल्पेश भरेल. अल्पेशला वाटलं, बेंजो काही माझा नाही. दारं लागली आणि गाडी निघून गेली. मी माझ्या कापडी पिशवीत डांबरावर उभा होतो. थोड्या वेळाने बर्फ मिसळलेला पाऊस सुरू झाला. सागाला पाण्याचं भय नव्हतं, त्याचा जन्म खाडीत गेला होता. स्प्रिंगांना होतं. त्या दीड तासात मी माणसांना ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

गाडीत काय झालं ते पुढे प्राप्तीने कितीतरी जणांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. ती डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. अल्पेश खिडकीबाहेर बघत होता. बऱ्याच अंतरावर काचेवर पाऊस आपटू लागला, तसा तो एकदम निकेशकडे वळला. चौदा महिन्यांनी.

“गारी फिरवाला सांग. तुजा बेंजो मागं ऱ्हायला.”

“तुला दिसला व्हता?”

“दिसला व्हता. निंगतानाच.”

निकेशने त्याची कॉलर धरली. ड्रायव्हरने आधी गाडी बाजूला घेतली आणि मग फिरवली.

माझी मधली तीन बटणं खाली बसली ती वर येईनात. तशातच रात्रीचा कार्यक्रम झाला. पहिल्याच गाण्यात पहिला मेलेला सूर आला आणि मला वाटलं, आता लोक हसणार. तो सूर अल्पेशच्या गिटारवर वाजला. नेमका, माझ्याच वजनाने. दुसरा आला, तोही. दीड तास तो माझे तीन सूर भरत राहिला. एकदाही चुकला नाही. त्याने निकेशकडे बघितलं नाही आणि निकेशनेही त्याच्याकडे नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, पण असा हात मी पाहिला नव्हता, हेही खरं.

घरी आल्यावर दत्तात्रेयने बटणं दाबून पाहिली आणि सगळी हकीकत काढून घेतली. गाडी कशी फिरली ते ऐकताना त्याचे डोळे चमकले.

“म्हनजे तुमी बोललाव. पयला कोन बोलला?”

निकेशने क्षणभर समोरच्या घराकडे पाहिलं. एक शब्द खरा सांगितला असता, तर आमचं घर जिंकलं असतं.

“मी,” तो म्हणाला.

खोटारडा! मला ओरडावंसं वाटलं. चौदा महिने मी खुंटीवर, डिकीत आणि पावसात हाल सोसले ते हरण्यासाठी? दत्तात्रेयने चहाचा कप तसाच खाली ठेवला. मग त्याने मला काखेत घेतलं, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून भागोजीच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

“माजाच पोर पयला बोलला. आता मना काय राखाचं ऱ्हायलं? याची बटनं बग.”

भागोजीच्या मागे अल्पेश उभा होता. त्याने तोंड उघडलं, पण गल्लीतून निकेश त्याच्याकडे रोखून बघत होता. त्याने ते मिटलं. भागोजीने मला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि तासभर खटपट करून बटण सोडवलं. एकच.

“एक झालं,” तो भावाला म्हणाला. “बाकीची उद्या.”

दुसऱ्या दिवशी दुसरं झालं. तिसऱ्याला आज आठवा दिवस आहे. दहा मिनिटांचं काम! रोज संध्याकाळी दत्तात्रेय मला घेऊन जातो, भागोजी बटण खोलतो, चहा होतो, जुन्या हळदींच्या गोष्टी निघतात आणि बटण होतं तसंच परत बसवलं जातं.

तेव्हा मित्रांनो, घरात वाद्य असेल तर ते कोरड्या फडक्याने पुसा, वाजवून झालं की तारा सैल करा. कुणाचं सामान मागे राहिलेलं दिसलं, तर भांडण असलं तरी तोंड उघडा, निघतानाच उघडा.

आणि ते तिसरं बटण म्हणाल, तर ऊन लागून ते परवाच मोकळं झालं आहे. भागोजीचं बोट पडलं की मी ते धरून ठेवतो. कोणाला काही बोललेलो नाही. मीही त्याच घरचा आहे.