परत आलेली ओटी

गोरक्ष माझा धाकटा दीर. दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यातली द्राक्षं हॉलंडच्या दुकानांत जावीत, एवढं एकच वेड त्याला होतं. दोन हजार तीन साल असेल. आधीची तीन वर्षं तो त्यासाठी झटत होता. मजुरांसाठी बांधालगत संडास बांधले, हात धुवायला नळ बसवला, मनाला येईल तेव्हा औषध फवारणं बंद केलं. गावातले लोक हसायचे.

"गोरक्ष, मडमेच्या द्राक्षांना पावडर पण लावतो का रे?"

"मागितली तर लावीन," तो म्हणायचा.

शेवटी एकच गोष्ट राहिली. तिकडची तपासनीस बाई येऊन बाग बघणार होती. तिनं हो म्हटलं की माल जाणार होता.

ती आली. उंच, उन्हानं नाक लाल झालेलं. बरोबर नाशिकच्या निर्यात कंपनीतला किशोर, तिचं बोलणं आम्हाला सांगायला. सकाळभर ती बागेत फिरली. घड उलटेपालटे करून पाहिले, संडासाचं दारही उघडून पाहिलं.

"वहिनी, खूश दिसती," गोरक्ष माझ्या कानाशी म्हणाला.

सासूबाईंनी पहाटेपासून मांडे केले होते. बाई ओट्यावर बसली, हात जोडून नको म्हणाली आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली.

"लाजती ती," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, ती तपासणीला आलीय," किशोर म्हणाला. "ज्याची तपासणी, त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम आहे."

"नियम तुझ्या हापिसात. माझ्या घरी सवाष्ण आलीया."

"लग्न झालंय का तिचं, कोणाला ठाऊक," मी म्हटलं.

"मग व्हईल की, ओटी भरल्यावर."

सगळे हसलो. किशोरही हसला.

सासूबाई आत गेल्या आणि ट्रंकेतली येवल्याची पैठणी घेऊन आल्या. नातीच्या लग्नासाठी जपलेली. वर खण, नारळ, तांदूळ. बाई एक पाऊल मागे सरली आणि नको म्हणाली. सासूबाईंनी पुन्हा पुढे केली. ती पुन्हा नको म्हणाली, या वेळी न हसता. सासूबाईंना त्याचं कौतुकच वाटलं.

"चांगल्या घरची हाय. लगेच हात नाय पसरला."

आमच्याकडे पहिल्या नकाराला कोण किंमत देतं? नको म्हणायचं ते पाहुण्यानं, आणि घ्यायला लावायचं ते घरच्यानं. बाई नळावर बुटाची माती धूत होती तेवढ्यात सासूबाईंनी ओटी तिच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून दिली. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

आठवड्यानं किशोर मोटारसायकलवर आला. पिशवीत ओटी जशीच्या तशी होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या, हे एक बरं झालं.

"नकार दिल्यावर गुपचूप महागडी वस्तू दिली, असं तिनं लिहिलंय," तो म्हणाला. "माल घेणार नाहीत."

गोरक्षनं पिशवी हातात घेतली. "बागेचं काय लिहिलंय?"

"बाग उत्तम आहे, असं लिहिलंय. त्यानंच तर जास्त बिघडलं. एवढी चांगली बाग असून द्यावं का लागलं, म्हणजे काहीतरी लपवलंय, असं तिकडच्यांना वाटतंय."

"ओटी म्हणजे काय ते सांगा ना त्यांना."

"सांगितलं. आमच्या साहेबांनी सांगितलं, मी सांगितलं. ते म्हणतात, बाई नाही म्हणाली होती ना?"

गोरक्षनं पिशवी माझ्याकडे दिली. मी ती कपाटात कपड्यांखाली ठेवली.

आईला त्यानं कधीच सांगितलं नाही. माल का गेला नाही, याला भाव पडल्याचं कारण दिलं. सासूबाई शेवटच्या आजारातही विचारायच्या, "मडम नेसली असंल का रे साडी?"

"नेसली असेल," तो म्हणायचा.

पैठणी माझ्या कपाटात आहे. परत आलेली ओटी नेसवत नाही आणि कोणाला देववतही नाही. गोरक्षनं पुढं बाग तोडली आणि नाशिकच्या अंबडला कारखान्यात लागला. पुन्हा कोणाला माल दाखवायला तो गेला नाही. तो कोणाशी वाकडं बोलत नाही, पण घरी आलेल्याला एकदाच विचारतो. नको म्हटलं की विषय संपला. पाहुणे नावं ठेवायला लागले, मग यायचेच कमी झाले. ज्या घरात जेवल्याशिवाय माणूस उंबरा ओलांडत नसे, त्या घरात.

मी आता नाशिकला मुलाकडे असते. मागच्या दिवाळीत मळ्यावर गेले. बस भरलेली, उभ्यानं आले, घसा कोरडा पडला होता. त्याची बायको आशा आत होती.

"वहिनी, चहा घेणार?" गोरक्षनं विचारलं.

"नको रे, आत्ताच झाला," मी म्हटलं. तोंडातून तेच निघतं.

"बरं." त्यानं आत हाक दिली, "आशा, वहिनींना नको."

आत गॅस बंद केल्याचा आवाज आला.