बाटलीला चिकटलेलं शिसं

तळ्याचं पाणी मी तपासतो, असं तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं तर मी फक्त बाटल्या भरून आणतो; तपासणी प्रयोगशाळेत होते. पण एवढा बारकावा नातेवाइकांना कोण सांगत बसणार? ताईच्या वस्तीला नळाने येतं ते याच तळ्याचं पाणी. ताई शेजारणींना तोऱ्यात सांगायची, "माझा भाऊ आहे तिथे. पाणी बिघडलं तर आधी मला कळेल."

कामाचा नियम सोपा आहे. बाटली भरली की काठावरच तिच्यात ॲसिडचे थेंब सोडायचे आणि फॉर्मवर 'ॲसिड घातले' या चौकोनात खूण करायची. ॲसिड नसलं तर पाण्यातलं शिसं बाटलीला आतून चिकटून बसतं आणि यंत्राला पाणी स्वच्छ दिसतं. हे मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. मी तेव्हा बहुधा जांभई देत होतो.

पहिल्याच महिन्यात एक थेंब अंगठ्यावर उडाला. आग आग झाली, कातडी पिवळी पडली. त्यानंतर ॲसिडची कुपी मी पिशवीतून कधी बाहेर काढली नाही. खूण मात्र न चुकता केली. आळस म्हणा, भित्रेपणा म्हणा, दोन्ही नावं मला शोभतात.

गेल्या वर्षी ताईच्या मुलीच्या रक्तात शिसं सापडलं. सहा वर्षांची पोर. एका जागी ठरत नसे म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचो. ती पोट धरून बसायला लागली, शिकलेली अक्षरं विसरायला लागली. शिसं येतंय कुठून ते शोधा, असं डॉक्टर म्हणाले. ताईने मला फोन केला. "पाण्यातून तर नाही ना रे?"

"छे! दर महिन्याचा अहवाल स्वच्छ आहे. मी आहे ना तिथे."

मग उरले भावोजी. ते बॅटऱ्या दुरुस्त करायच्या दुकानात होते आणि बॅटरीत शिसं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. सांगितलं मात्र मी. "ताई, भावोजींच्या कपड्यांवरून येत असणार." आता आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

भावोजींनी पंधरा वर्षांचं दुकान दुसऱ्या दिवशी सोडलं आणि गोदामात ओझी उचलायला लागले. मागच्या पत्र्याच्या खोलीत झोपायला लागले. भिंगरी धावत आली की दोन्ही हात मागे घ्यायचे. "लांबूनच हं, बाळा." आठ महिने झाले, तरी तिच्या रक्तातलं शिसं उतरेना. मग ते हात आणखी घासायचे, त्याच नळाच्या पाण्याने.

परवा प्रयोगशाळेतल्या नवीन केमिस्टबाईंनी माझ्या बाटलीत कागदाची पट्टी बुडवली. "ही लाल व्हायला हवी होती. यात ॲसिड नाही."

"घातलंय की," मी म्हणालो. तेव्हाही खोटंच बोललो.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्याच बाटलीत ॲसिड घातलं, एक दिवस ठेवलं आणि काल पाणी पुन्हा यंत्रात घातलं. शिसं मर्यादेच्या सहापट निघालं. "वस्तीचा पंप बंद करायला सांगितलाय," त्या म्हणाल्या. "बाकीचं साहेबांना मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

साहेबांना मी सांगितलं. ते ओरडले, मला घरी बसवलं. ते सोपं होतं. ताईकडे जायला मात्र पाय उचलत नव्हते.

आज दुपारी पोचलो तेव्हा गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता. ताई बादली घेऊन स्वयंपाकघरात आली. भावोजी उंबऱ्याबाहेर उभे होते, नेहमीसारखे हात मागे बांधून.

"पाण्यात शिसं निघालं म्हणे," ताई म्हणाली. माझं तोंड बघून तिचा आवाज मऊ झाला. "आत्ताच बिघडलं ना रे? या महिन्यात?"

तिने मला पळवाट काढून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळं भावोजींच्या माथी राहिलं असतं आणि मी मामा म्हणून त्या घरात येत-जात राहिलो असतो. लाज वाटते, पण क्षणभर मी मान हलवणारच होतो.

"नाही ताई. आधीपासूनच असणार." मग सगळं सांगितलं. ॲसिड, अंगठा, चौकोनातली खूण, सगळं.

ताईने बादली खाली ठेवली आणि ओट्याकडे तोंड केलं.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?" भावोजींनी विचारलं.

"दुकान सोडून आठ महिने झाले तरी उतरलं नाही, भावोजी. पाणीच होतं."

ते उंबऱ्यावर मटकन बसले. मी शिव्यांची वाट बघत होतो. एखादी थप्पड बसली असती तर बरंच झालं असतं. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. घासून घासून सोललेले, खरखरीत हात.

"उपकार झाले रे तुझे," ते रडत म्हणाले. "सांगितलंस ते."

ताईने वळून पाहिलं नाही. ते मला सोसलं. भावोजी मात्र माझा हात सोडत नव्हते.