शेवटच्या ओळीपासून वाचावे

माझ्या दिराचं पुस्तक छापून आलं त्या दिवशी मी दुकानात एका सायकलचं मागचं चाक काढून बसले होते. "वहिनी, आधी हात धुवा, मग पुस्तकाला हात लावा," तो म्हणाला. धुतले. कव्हरवर आमच्या नदीचा फोटो, त्यावर 'नदीखोऱ्यातले निवांत रस्ते', आणि खाली ठळक अक्षरांत त्याचं नाव. मी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आभार पाहिले, पार शेवटपर्यंत गेले. पुस्तकात महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ग्रंथपाल होते, सगळे होते. माझा नवरा नव्हता.

ते रस्ते माझ्या नवऱ्याने शोधले होते. अकरा वर्षं, दर रविवारी. मोठ्या रस्त्याचा एक ट्रकसुद्धा कानावर पडू नये अशी वाट हवी, हा त्याचा हट्ट. कुठे जुन्या पाणचक्कीमागून गाडीवाट निघते, कुठे पडक्या टेहळणी बुरुजाला वळसा घालून कालव्याचा बांध लागतो, कुठल्या दगडी पुलावर सायकल हातात धरावी, सगळं त्याने चार वह्यांत लिहून ठेवलं. वह्यांना चेनचं तेल लागलेलं. तो गेला आणि महिन्याभरात हा धाकटा भाऊ दारात उभा राहिला. "वहिनी, वाळवी लागेल. मी नीट टाइप करून ठेवतो." इतिहासाचा प्राध्यापक, शिकलेला माणूस, मी दिल्या. अक्कल गहाण ठेवली होती मी तेव्हा, दुसरं काय.

"ह्यांचं नाव राहिलं वाटतं," मी म्हणाले.

"राहिलं असं नाही," तो खुर्ची रुमालाने पुसून बसला. "दादाने नुसत्या नोंदी केल्या, वहिनी. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. पुस्तक लिहायला दृष्टी लागते."

पाना माझ्या हातात होता, आणि तो फेकून मारला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मला मानधन नको होतं, सत्कार नको होता. त्या कव्हरवर माझ्या नवऱ्याचं नाव हवं होतं, बस्स. सख्ख्या भावाला तेवढंही देववलं नाही. आणि मागच्या बाजूला स्वतःचा फोटो, माझ्याच दुकानातली सायकल धरून उभा. हेल्मेट उलटं घातलेलं. आयत्या बिळावर नागोबा, आणि तोही उलट्या फण्याचा.

तो पुढच्या रविवारचा बेत सांगत होता. पर्यटन खात्याने पाचशे प्रती छापल्या आहेत, खोऱ्यातल्या प्रत्येक विश्रामगृहात ठेवणार आहेत. त्याआधी उद्घाटनाची फेरी, खात्याच्या मोठ्या बाई स्वतः सायकलवर येणार, तीस-पस्तीस माणसं, आणि हा पुढे राहून वाट दाखवणार. मी ऐकत होते आणि पहिला रस्ता वाचत होते. वाचता वाचता माझा हात थांबला.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी होती. माझ्या नवऱ्याला छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी चढ बंद केला होता, उताराला मुभा होती. म्हणून तो पहाटेच्या दुधाच्या गाडीत सायकल टाकून नदीच्या वरच्या टोकाला जायचा आणि तिथून नदीबरोबर खाली यायचा. वहीतली प्रत्येक ओळ अशी वरून खाली लिहिलेली. माणसं मात्र फेरी शहरातून सुरू करतात, स्टेशन इथे, दुकानं इथे. म्हणून प्राध्यापकसाहेबांनी काय केलं, तर ओळींचा क्रम फिरवला. शेवटची ओळ पहिली, पहिली शेवटची. पण डावं ते डावंच ठेवलं, उजवं ते उजवंच. आणि उतार तो उतारच. सायकलवर दहा मिनिटं बसलेल्या माणसाकडूनसुद्धा अशी चूक झाली नसती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याकडूनच ती होते.

एक वाक्य बोलले असते तर तो वाचला असता. खात्याने शुद्धिपत्र चिकटवलं असतं, आणि नाव त्याचंच राहिलं असतं.

"छान झालंय, भाऊजी," मी म्हणाले. "मीही येते रविवारी. कुणाचं पंक्चर झालं तर?"

"या की. मागे राहा तुम्ही."

तो आठवडा मी किती मजेत काढला ते सांगायची लाज वाटत नाही. सगळ्यांच्या सायकली माझ्याकडेच आल्या. ब्रेक घट्ट केले, चेनला तेल दिलं, हवा भरली. एकालाही धोका होऊ नये याची काळजी घेतली, कारण माझं वैर एकट्याशी होतं. त्याच्या सायकललाही कमी केलं नाही. गियर असे लावून दिले की लोण्यासारखे बदलावेत. बदलता आले तर.

रविवारी सातला निघालो. पुढे तो, हातात पुस्तक, त्याच्या मागे मोठ्या बाई, मग शिक्षक, बँकेतले लोक, एक जोडपं, त्यांची मुलगी मागच्या बैठकीवर. सगळ्यांत शेवटी मी. पाणचक्की आली. त्याने घोड्यावरच्या सेनापतीसारखा हात उंचावला, "डावीकडे!" पस्तीस सायकली डावीकडे गेल्या आणि खडी फोडण्याच्या कारखान्याच्या बंद फाटकापाशी एकावर एक येऊन थांबल्या. आतून एक कुत्रा भुंकायला लागला. "रस्ता बदललेला दिसतो," तो म्हणाला. पाणचक्कीला तिथे उभी राहून तीनशे वर्षं झालीत, पण ते असो.

मागे फिरून पुढच्या फाट्यावर उजवीकडे गेलो आणि कुणाच्या तरी गोठ्यात पोहोचलो. तिसऱ्या वेळी बाईंनीच एका शेताच्या रखवालदाराला विचारून वाट धरली. मग ती ओळ आली, माझ्या नवऱ्याची सगळ्यांत लाडकी. दिराने ती मोठ्याने वाचली. "इथून नऊ किलोमीटर सोपा उतार. पेडल मारावं लागत नाही. नुसतं बसावं आणि नदी ऐकावी."

समोर चढ उभा होता.

पहिल्या किलोमीटरला लोक हसत होते. दुसऱ्याला गप्प झाले. तिसऱ्याला एक बँकवाले म्हणाले, "हा उतार असेल तर चढ कसला असतो हो, सर?" आणि उतरून चालायला लागले. मुलीचा बाप लालबुंद झाला, तेव्हा ती मुलगी मी माझ्यामागे घेतली. मला चढाचं काही नाही, पायांत अजून दम आहे. प्राध्यापक मात्र चौथ्या किलोमीटरलाच सायकल ढकलत होते. मी त्यांच्या शेजारून गेले. घंटी वाजवली. वाजवायची गरज नव्हती, पण वाजवली.

वर बुरुजाच्या सावलीत सगळे बसले, तेव्हा बाईंनी पाणी पिऊन पुस्तक उघडलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "सर, या रस्त्याने तुम्ही एकदा तरी आला आहात का?"

आता पितळ उघडं पडणार म्हणून मी जवळ सरकले. आठवडाभर याची वाट पाहिली होती मी.

त्याने घाम पुसला. सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं सांगायचं तर या नोंदी माझ्या नाहीत. माझ्या थोरल्या भावाच्या आहेत." आणि त्याने माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. "तो फारसा शिकलेला नव्हता. मी विश्वास ठेवला. चुका त्याच्या आहेत."

चार पानी आभारात ज्याला जागा मिळाली नाही, त्याचं नाव त्या पस्तीस लोकांनी पहिल्यांदा असं ऐकलं. ज्याने चुकवलं तो. माझे कान तापले. मी मूग गिळून बसले नसते तर हे झालंच नसतं, हेही तेव्हाच कळलं, आणि ते गिळायला सगळ्यांत कडू होतं.

मी उठले आणि त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "बाई," मी म्हणाले, "अजून एक तास द्या. आपल्याला खाली जायचंच आहे. मी शेवटच्या ओळीपासून वाचते."

वाचत गेले, उतरत गेले. नऊ किलोमीटर कुणी पेडल मारलं नाही. नदी ऐकू येत होती. गोठा लागला नाही, कारखाना लागला नाही. जिथे वहीत डावं होतं तिथे डावं होतं. पाणचक्कीपाशी पोहोचलो तेव्हा बँकवाले माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं. बाईंनी मला बाजूला बोलावलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पुस्तकात दृष्टी होती ना, मी आपली नोंदीवाली."

त्या हसल्या नाहीत. पण पुस्तक मी म्हणेन तसं दुरुस्त होईल, नाहीतर पाचशे प्रती रद्दीत जातील, असं त्यांनी दिराला माझ्यासमोर सांगितलं. छापील चिठ्ठी चिकटवू, तो म्हणाला. चिठ्ठी निघून पडते, मी म्हणाले. हाताने लिहायचं. शाईने, पहिल्या पानावर, त्याच्या स्वतःच्या अक्षरात आणि माझ्या दुकानात बसून. मजकूर मी दिला: 'हे रस्ते माझ्या थोरल्या भावाने शोधले.' मग माझ्या नवऱ्याचं नाव. मग, 'शेवटच्या ओळीपासून, नदीच्या वरच्या टोकाकडून वाचावे. मी या रस्त्यांवर कधी सायकल चालवली नव्हती.'

गेले आठ दिवस तो रोज दुपारी येतो. टायरच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून लिहितो. गिऱ्हाइकं बघतात, विचारतात. मी सांगते.

काल एकशे नव्वदाव्या प्रतीला तो थांबला. पेन खाली ठेवून हात चोळत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा दर शनिवारी विचारायचा, वहिनी. उद्या येतोस का म्हणून. अकरा वर्षं विचारत होता. मी एकदाही गेलो नाही." आणि साठीला आलेला तो माणूस माझ्यासमोर रडायला लागला.

मला वाटलं होतं अशा वेळी मन विरघळतं. तसं लोक म्हणतात. मी थोडा वेळ वाट पाहिली, विरघळतंय का ते बघायला.

मग पुढची प्रत उघडून त्याच्यासमोर सरकवली.

"लिहा, भाऊजी."