छाती दाबायला शिकवणारा पुतळा

मी एक जुना रबरी पुतळा आहे. डोकं आणि छाती, एवढाच मी. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे शिकवण्यासाठी सिकंदराबादच्या एका औषध कारखान्यानं मला विकत घेतलं.

मित्रांनो, दाबून घेणं हेच माझं काम होतं आणि मला ते आवडायचं. सुरक्षा अधिकारी धम्मानंद प्रत्येक कामगाराला माझ्यापुढे गुडघ्यांवर बसवायचे. कुणी घाबरत हात टेकवला की म्हणायचे, "दाबायलास का कुरवाळायलास? जोर लाव." घाम फुटेपर्यंत ते कुणाला उठू देत नसत.

मग ऑनलाइन प्रशिक्षण आलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, उत्तरावर बोट ठेवायचं, चुकलं तर दुसऱ्या उत्तरावर ठेवायचं. जेवता जेवता लोक पास झाले. पुढे या प्रशिक्षणाचा परिणाम तपासायचं ठरलं, तेव्हा धम्मानंद म्हणाले, चार जणांना पुतळ्यापाशी बसवून बघू. व्यवस्थापक हर्षवर्धन यांना ते पटलं नाही. सगळे पास आहेत, सगळ्यांना प्रशिक्षण आवडलंय, मग आणखी काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. धम्मानंदांची बदली झाली आणि माझी रवानगी गोदामात.

गोदाम एकनाथराव सांभाळायचे. निवृत्तीला आलेले, मऊ स्वभावाचे. माझ्या तोंडावरची धूळ तेवढे तेच पुसायचे. एका दुपारी खोकं उचलताना ते माझ्यासमोरच कोसळले. पॅकिंगमधली नवी मुलगी, रोशनी, धावत आली. मागोमाग सगळे आले. सगळे पास झालेले. रोशनीनं त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"बरगडी मोडली तर? किती दाबायचं तेच कळंना मला," ती म्हणाली.

जागा व्हावी म्हणून कुणीतरी मला पायानं बाजूला सारलं. ॲम्ब्युलन्स आली, तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात अहवाल मंजूर झाला. प्रशिक्षण शंभर टक्के यशस्वी. पास झालेल्यांत एकनाथरावही मोजलेले होते.

रोशनी मात्र मला शोधत गोदामात आली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. गुडघे टेकून, रडत, ती माझी छाती दाबत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या हातांना नेमका जोर सापडला. मी माणूस असतो, तर वाचलो असतो.

मित्रांनो, कुणी काय शिकलं हे बघायचं असेल, तर त्याचं प्रमाणपत्र मागू नका. त्याला ते काम करून दाखवायला सांगा. आणि माणूस पडायच्या आधी सांगा.