तीन नंबरला चालणारी गोळी

पहिल्या निवड चाचणीत रविना झुगरेला सहाशेपैकी ५५१ गुण पडले, दुसरीत ५५६. राज्य स्पर्धेत उतरायला ५७० लागत होते. तिसरी आणि शेवटची चाचणी नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी जव्हारच्या रेंजवरच होणार होती. त्यानंतर तिच्या हातातली तीन नंबरची रायफल जिल्हा नेमबाजी संघटनेकडे परत जायची होती. नळी संपली आहे, असा शेरा आधीच लिहून झाला होता. बदल्यात दुसरी मिळणार नव्हती. म्हणजे रविवारी ५७० झाले नाहीत, तर रविनाची नेमबाजी त्याच दिवशी थांबणार होती.

रेंज गावाबाहेर, बंद पडलेल्या दगडखाणीत होती. समोर पन्नास मीटरवर मातीचा उंच बांध, अलीकडे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये चार जणांना पालथं पडून नेम धरता येईल एवढी जागा. ही रेंज नवसू वारे चालवायचे. सैन्यात बावीस वर्षं हत्यारांची दुरुस्ती करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना सैन्यातल्या रिवाजाप्रमाणे उस्ताद म्हणत. रेंजवरच्या क्लबकडे तीन रायफली होत्या, त्यातली दोन नंबरची दोन वर्षांपूर्वीच परत गेली होती. एक नंबरची नवी रायफल चंद्रा भोयेकडे होती, कारण गेल्या वर्षी तो पहिला आला होता. उरलेली तीन नंबरची रविनाची. ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, जव्हारला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

या रायफलींचं काडतूस बोटाच्या पेराएवढं असतं. त्याच्या बुडाच्या कडेत पेटणारा मसाला भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटली की ते उडतं, म्हणूनच त्याला रिमफायर म्हणतात. ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यात काही फेरफारही करता येत नाही. कारखान्यातून जसं आलं तसं वापरायचं. नेमबाजाच्या हातात एवढंच राहतं, की कोणतं निवडायचं.

क्लबच्या लोखंडी कपाटात तीन प्रकार होते. सोनेरी डबा सगळ्यात महाग, बाहेरच्या देशातून आलेला. हिरवा मधला. पांढरा सगळ्यात स्वस्त. उस्तादांनी जुलैत प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या दोन्ही रायफलींतून झाडून पाहिल्या होत्या आणि निकाल ठरवून टाकला होता: सामन्याला सोनेरी, सरावाला पांढरा. त्या निकालावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

चाचणीच्या आधीच्या बुधवारी रविना पांढऱ्या डब्यातल्या पन्नास गोळ्या घेऊन सरावाला पडली. एका कागदी लक्ष्यावर दहा गोळ्या, असे पाच कागद. पहिल्यावर ८८ आले, दुसऱ्यावर ९३. मग ९७, ९८, ९८. शेजारी बसून स्वतःच्या रायफलीचा पट्टा घट्ट करत असलेल्या चंद्राने ते पाहिलं.

“तुझी बंदूक लय उशिरा उठते गं,” तो म्हणाला. “आधी चहा पाजत जा तिला.”

रविना हसली, पण वसतिगृहावर गेल्यावर तिने वर्षभराचे कागद पिशवीतून काढले आणि तारखांप्रमाणे कॉटवर लावले. प्रत्येक कागदावर तिने कोपऱ्यात डब्याचा रंग लिहून ठेवलेला असे. तिला दोन गोष्टी दिसल्या. पांढऱ्या डब्याचा पहिला कागद नेहमी वाईट होता आणि तिसऱ्यापासून भोकं एका जागी गोळा होत होती. सोनेरी डब्याची शेवटपर्यंत विखुरलेलीच राहत. शिवाय दोन्ही चाचण्यांत सोनेरी गोळी एकेकदा पेटलीच नव्हती. पिन आपटली, टक् झालं आणि काही नाही. अशा वेळी गोळी भरायची मागची कडी, म्हणजे बोल्ट, लगेच उघडता येत नाही. गोळी उशिरा पेटू शकते म्हणून नळी समोर धरून तीस सेकंद थांबावं लागतं. त्या तीस सेकंदांत धरलेला श्वास आणि जमलेला हात दोन्ही जातात.

गुरुवारी तिने हे उस्तादांसमोर मांडलं. पहिल्या कागदाचं कारणही तिने शोधलं होतं. या गोळ्यांवर मेणासारखा पातळ थर असतो. तो नळीत आतून बसला की मगच गोळ्या एकसारख्या जातात, आणि डबा बदलला की आधीचा थर जाऊन नवा बसायला दहा-पंधरा गोळ्या लागतात. उस्ताद मात्र प्रत्येक वेळी नळी आरशासारखी पुसून द्यायचे. जुलैच्या परीक्षेतही दर पाच गोळ्यांनंतर त्यांनी चिंधी फिरवली होती. म्हणजे त्यांनी जे मोजलं, ते गोळ्यांचं नव्हतंच. ते कोरड्या नळीचं होतं.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की मळलेल्या नळीसाठी त्यांनी लोकांना भर उन्हात रायफल डोक्यावर धरून मैदान पळायला लावलं आहे, आणि तीन नंबरची नळी झिजलेली आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आत बघून लिहिलं आहे. महागातली गोळी तिच्यातून सरळ जात नाही, तर स्वस्तातली काय जाणार.

रविना जागची हलली नाही.

“उस्ताद, आमच्या माळावर गरवं भात पेरलं तर दाणा भरत नाय,” ती म्हणाली. “तिथं हळवंच लावायला लागतं. खालच्या खाचरात गरवं चांगलं येतं म्हणून आम्ही माळ टाकून देत नाय.”

उस्तादही भात पिकवणाऱ्या गावातले, वांगणीचे. लवकर पिकणारं हळवं आणि उशिरा पिकणारं गरवं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, परीक्षा होईल, पण गोळ्या ते स्वतः झाडतील. म्हणजे नंतर हात हलला असं कोणी म्हणायला नको.

शुक्रवारी सकाळी वारा पडलेला असताना त्यांनी वाळूच्या दोन पिशव्यांवर तीन नंबरची रायफल ठेवली. आधी पांढरा डबा. पंधरा गोळ्या नुसत्या बांधात झाडायच्या, नंतर पाच-पाच गोळ्यांचे पाच पुंजके, म्हणजे ग्रुप, कागदावर. पंधरावी गोळी झाली आणि उस्तादांचा हात आपोआप उजवीकडे गेला. तिथे चिंध्यांचा डबा असायचा. तो रविना मांडीखाली घेऊन बसली होती. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि पुढची गोळी भरली.

पहिल्या ग्रुपची पाचही भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. दुसऱ्याचीही. पाचही ग्रुप तसेच आले. उस्तादांनी पट्टी लावून एकेक भोक मोजलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. मग हिरवा डबा झाला, पंधरा आणि पंचवीस त्याच पद्धतीने. त्याचा ग्रुप नाण्याच्या दीडपट. सोनेरीचा दुपटीहून मोठा, आणि चाळीसपैकी दोन गोळ्या पेटल्या नाहीत. उस्तादांनी न पेटलेल्या दोन्ही गोळ्या उजेडात धरल्या. कडेवर पिनेची खूण अगदी उथळ होती. जुन्या रायफलीची स्प्रिंग दमली होती आणि या गोळीची कड जाड, कडक होती. पांढऱ्याच्या मऊ कडेवर तोच ठोका पुरत होता.

दुपारी एक नंबरची रायफल पिशव्यांवर चढली. तिथे बरोबर उलटं निघालं. सोनेरी गोळ्यांनी जवळजवळ एकच फाटकं भोक पडलं आणि पांढऱ्या कागदभर उधळल्या. चंद्रा पूर्ण वेळ पाठीमागे उभा होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

“माझी खानदानी हाय,” तो म्हणाला. “तुझी भाजी-भाकरीवाली.”

रविनाने सांगितलं, भाजी-भाकरीवालीला रविवारी बघ.

संध्याकाळी उस्तादांनी जुलैचा निकाल स्वतःच्या हाताने खोडला. शनिवारी मात्र नवीन अडचण निघाली. रविनाने कपाटातला दुसरा पांढरा डबा फोडला आणि पंधरा गोळ्या बांधात झाडूनही ग्रुप जमेना. तिने दोन्ही डब्यांची झाकणं शेजारी ठेवली. रंग तोच, नाव तेच, पण कडेला छापलेला लॉट नंबर वेगळा. एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या दिवशी निघालेला माल होता तो. दोघांनी मिळून कपाटातले सगळे पांढरे डबे उलटेपालटे करून नंबर वाचले. शुक्रवारच्या लॉटच्या फक्त ऐंशी गोळ्या शिल्लक होत्या. साठ सामन्याच्या, वर वीस. लॉट वेगळा असला तरी मेण तेच, त्यामुळे आज नळीत बसलेला थर तसाच राहिला तर वीस पुष्कळ होत्या. रविनाने त्या वेगळ्या पिशवीत बांधल्या, आणि त्यांना हात लावायला नको म्हणून सराव तिथेच थांबवला.

रविवारी आठ वाजता संघटनेच्या निरीक्षक बाई आल्या. हत्यारांची तपासणी झाली. रविनाने रायफल हातात घेतली, बोल्ट काढला आणि नळीतून उजेडाकडे पाहिलं. आत लख्ख चकाकत होतं.

तिने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी मान खाली घातली. निरीक्षण आहे म्हटल्यावर पहाटे उठून त्यांनी दोन्ही रायफली पुसल्या होत्या. बावीस वर्षांत निरीक्षणाला मळलेलं हत्यार त्यांनी कधी पुढे केलं नव्हतं, आणि हात सुरू झाल्यावर डोकं आठवण करायला आलंच नाही.

“माझी चूक,” ते म्हणाले. “पूर्ण माझी.”

रविना रागावली नाही, निदान तोंडावर तरी नाही. तिने हिशेब केला. ऐंशीतल्या पंधरा थर बसवायला, साठ सामन्याला. नेम जुळवून बघायला पाच. न पेटलेल्या गोळीसाठी काहीच नाही. चंद्राच्या सोनेरीचे चार डबे भरलेले होते, त्यामुळे त्याला काही फरक पडणार नव्हता. तो मात्र तिच्या शेजारी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, तू नीट घे, घाई नको, पन्नास मिनिटं हायत.

नेम जुळवण्याच्या वेळात तिने पंधरा गोळ्या एकामागून एक झाडल्या आणि त्या कुठे लागतात याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोळावी दहाच्या वर्तुळाच्या उजव्या कडेला लागली. तिने डोळ्याजवळच्या नेमाच्या चकतीचा स्क्रू दोन खुणा डावीकडे फिरवला. सतरावी मध्ये. अठरावी मध्ये. तिथे ती थांबली. पिशवीत बासष्ट राहिल्या होत्या.

पहिला कागद ९७ चा झाला, दुसरा ९८, तिसरा ९६. दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं असतं आणि पन्नास मीटरवरून ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. काळा गोल फक्त दिसतो. त्याच्या मध्यावर विश्वास ठेवावा लागतो. अडतिसावी गोळी सातला गेली. मागे बसलेल्या उस्तादांनी डोळे मिटले. रविनाने मात्र गाल रायफलीवरून उचलला, खांदा मोकळा केला आणि दोनदा श्वास सोडला. ट्रिगर ओढताना बोट आडवं गेलं होतं, हे गोळी सुटायच्या आधीच तिला कळलं होतं. वर्षभर असा सात आला की तिला प्रश्न पडायचा, मी चुकले की गोळी. आज प्रश्न नव्हता. चूक तिची होती, म्हणजे दुरुस्त करणंही तिच्या हातात होतं.

चौथा कागद ९४. पाचवा ९८. शेवटच्या दहा गोळ्यांना तिने अकरा मिनिटं घेतली. एकही गोळी अडली नाही. साठावी झाल्यावर तिने बोल्ट उघडा ठेवला, नळी रिकामी आहे हे दाखवणारी सुरक्षा दोरी तिच्यात घातली आणि उठली. तिच्या कोपरांवर चटईची नक्षी उमटली होती.

बाईंनी सगळे कागद दोनदा मोजले. शेवटचाही ९८ भरला होता. चंद्रा भोये ५८६. रविना झुगरे ५८१. दोघेही राज्य स्पर्धेला पात्र. चंद्राने दोन्ही हात वर केले आणि रविनाला म्हणाला की पाच गुणांनी वाचलो, पुढच्या वेळी तुला चहा मीच पाजतो, बंदुकीला नको.

बाई तीन नंबरच्या रायफलीचा कागद हातात घेऊन उभ्या होत्या. नळी संपली आहे असा शेरा आणि ५८१ हा आकडा त्यांना एकत्र बसवता येत नव्हता. उस्ताद पुढे झाले. शेरा चुकीचा आहे आणि तो आपण लिहिला होता, असं त्यांनी सांगितलं. जुलैची परीक्षा कशी चुकली, आज सकाळी काय झालं, काहीच झाकलं नाही. स्प्रिंग तेवढी बदलून हवी, बाकी रायफल इथेच राहू दे, असं म्हणत त्यांनी कागदावर दुरुस्ती करून खाली सही केली.

बाईंनी मग रविनाला विचारलं, जिल्ह्यात अशा परत करायला काढलेल्या आणखी सात रायफली आहेत, सगळ्यांना पांढराच डबा मागवू का.

“नको मॅडम,” रविना म्हणाली. “रायफली इथं पाठवा. एकेकीला काय चालतं ते आम्ही बघतो. दर डब्याच्या चाळीस-चाळीस गोळ्या लागतील.”

“आणि पुसायच्या नाहीत,” उस्ताद मागून म्हणाले.

राज्य स्पर्धा पंचवीस दिवसांवर होती आणि पिशवीत दोनच गोळ्या उरल्या होत्या. रविनाने रिकाम्या डब्याची लॉट नंबर छापलेली पट्टी फाडली आणि बाईंच्या हातात दिली.

“मला याच लॉटचे दहा डबे लागतील,” ती म्हणाली. बाई तिथूनच पुरवठादाराला फोन लावू लागल्या, आणि रविना त्यांच्या शेजारी उभी राहून एकेक आकडा वाचून दाखवू लागली.