पाच ठोके पुढे

तिने भट्टीचं दार उघडलं, वाकून तापमापक पाहिला आणि सुती हातमोजे घालून टेपचं रीळ दोन्ही हातांनी बाहेर काढलं.

"गाणी भाजता होय तुम्ही?" मागून आवाज आला. "आमच्या वेळी गाणाऱ्यांनाच भाजून काढायचे."

दारात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ उभे होते. त्यांचा कोपर धरून त्यांची लेक उभी होती. तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते.

"चोपन्न अंशांवर आठ तास," रीळ टेबलावर ठेवत ती म्हणाली. "जुन्या टेपवरचा थर ओल धरून चिकट होतो. असा वाळवला की काही दिवस नीट वाजतो. पण हे दुसऱ्या कोणाचं आहे, आजोबा. तुमचं रीळ कालच तयार झालं."

"मग तेवढं दुरुस्त कर आणि मला मोकळं कर."

"बाबा, आधी बसा तरी," लेक म्हणाली. "आल्या आल्या सुरू."

ते बसले. खुर्ची फिरणारी होती. त्यांनी ती पायाने घट्ट रोवून धरली.

ज्या अल्बमवर त्यांनी ड्रम वाजवला होता त्याला यंदा पन्नास वर्षं होत होती. सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गायकीच्या ढंगातली नऊ गाणी. विहिरीत उतरलेला कारखान्याचा रंग, दवाखान्याबाहेरची रांग, लढाईवरून न परतलेला भाऊ, एका सकाळीत पाडलेली वस्ती. गायकाने यातलं काहीच ओरडून म्हटलं नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं होतं, आणि बहुधा म्हणूनच ते अजून कोणाला जुनं वाटत नव्हतं. तिने तो पहिल्यांदा वसतिगृहात ऐकला तेव्हा तो तिच्या वयाच्या दुपटीहून जुना होता, आणि तरी शेजारच्या खोलीतली मुलगी भिंतीपलीकडून त्यात आवाज मिसळत होती.

पाचवं गाणं बंद फाटकाबाहेर उभ्या कामगारांचं होतं. आतून एकेक नाव पुकारलं जातं, आपलं येत नाही. दोन मिनिटं दहा सेकंदांनंतर त्यात ड्रम हळूहळू पळायला लागतो. मिनिटाला नव्वद ठोके असतात, ते शेवटच्या कडव्यापर्यंत सत्त्याण्णव होतात. शिकत असताना तिने मोर्चांत आणि संपांत लोकांनी गायलेली याच गाण्याची एकतीस ध्वनिमुद्रणं जमवून मोजली होती. तिथे ड्रम नव्हता, नुसत्या टाळ्या. तरी अठ्ठावीस ठिकाणी लोक त्याच ओळीपासून पळू लागले होते. तिच्या प्राध्यापकांनी आकडे दोनदा तपासायला लावले. आकडे तेच आले.

आणि आता नव्या आवृत्तीसाठी रेकॉर्ड कंपनीने जुन्या वादकांना कळवल्यावर या गृहस्थांचं पत्र आलं होतं: पाचव्या गाण्यात माझी चूक आहे. मी जिवंत आहे तोवर ती काढा. कंपनीने लगेच होकार दिला. काम तिच्याकडे आलं.

"लोकांना ती चूक वाटत नाही, आजोबा," ती म्हणाली. "लोक लिहितात की तिथे कामगारांचा राग चढत जातो."

"राग?" ते म्हणाले. "माझी दोनची पाळी होती. काचकारखान्यात. दोनदा उशीर झालेला, तिसऱ्यांदा झाला की घरी बसवणार होते. समोर भिंतीवर दीड वाजलेला दिसत होता. हात पळाले. राग कसला, बस चुकेल म्हणून!"

लेक हसली. ते हसले नाहीत.

"मला सगळे 'घड्याळ' म्हणायचे. गाणारे कितीही हेलकावे खाऊ देत, मी जागचा हलायचो नाही. तेवढीच माझी किंमत होती. दादाने, म्हणजे गाणाऱ्याने, त्या ताकदीवर मला घेतलं आणि मी त्याचंच गाणं पळवलं."

"दादा काय म्हणाले मग?"

"म्हणायला मी थांबलो कुठे? काठ्या टाकल्या आणि पळालो. परत गेलोच नाही. पुढची चार गाणी दुसऱ्याने वाजवली."

"आमच्या घरात ही तबकडी नाही," लेक म्हणाली. "सगळ्या गल्लीत होती. मी शेजारी जाऊन ऐकायची. रेडिओवर लागलं की हे उठून रेडिओ बंद करणार. आई म्हणायची, सवत परवडली, पण हे गाणं नको."

तिने यंत्राकडे वळून टेबलावरचे रिळांचे दोन खोके जवळ ओढले. दुसरा खोका तिला सोमवारी सापडला होता आणि त्याबद्दल बोलायचं की नाही हे तिचं आज सकाळपर्यंत ठरत नव्हतं.

"दुरुस्ती दोन प्रकारे होईल," ती म्हणाली. "एक, तुमचे ठोके यंत्राने सरळ करायचे. दुसरा मार्ग हा. तुम्ही गेल्यावर नऊ दिवसांनी याच गाण्याचा ड्रम पुन्हा वाजवून घेतला होता."

तिने खोका त्यांच्यापुढे ठेवला. वर तारीख होती, खाली 'बदली' लिहिलेलं होतं.

"बदली," त्यांनी वाचलं. "बरोबर आहे. एक गैरहजर राहिला की दुसरा उभा करतात. लाव."

तिने लावला. नव्वद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते मान किंचित तिरपी करून साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ ऐकत राहिले.

"चांगला वाजवलाय," ते म्हणाले. "मी असाच वाजवायला हवा होता. आता यावर दादाचा आवाज घाल."

"जमणार नाही, आजोबा. तो तुमच्या ड्रमवर गायलाय."

"घालून तर बघ."

तिने आवाजाचा ट्रॅक त्याच्या शेजारी आणला, पहिला ठोका जुळवला आणि दोन्ही सुरू केले.

दोन मिनिटं सगळं ठीक होतं. मग आवाज किंचित आधी यायला लागला. पुढच्या ओळीला आणखी. ड्रम आपल्या जागी सावकाश, बिनचूक पडत होता आणि गाणारा त्याच्यापासून लांब लांब चालला होता. शेवटच्या कडव्यात तो पाच ठोके पुढे होता. श्वास घेऊन तो ज्या जागी पाय टेकायचा, तिथे खाली काहीच नव्हतं.

"थांबव," ते म्हणाले.

तिने थांबवलं.

"एकटा पडलाय तो."

तिला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. तिला बोलता येण्यासारखं जे होतं ते तिने सांगितलं.

"आवाजही मागे ओढता येतो. यंत्र करतं. कोणाला कळणारही नाही."

"कोणाला ओढणार? त्याला?"

त्यांनी खोका उचलून डोळ्यांजवळ नेला. 'बदली'च्या खाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, दोन शब्द होते: वापरायचा नाही.

"हे अक्षर त्याचं आहे." त्यांनी मूळ रिळाच्या खोक्याकडे बोट केलं. "तो गायला कधी?"

"तुम्ही गेल्यानंतर अकरा दिवसांनी."

"म्हणजे हा बदलीचा तयार असताना."

"हो."

त्यांनी खोका खाली ठेवला आणि तो टेबलाच्या कडेशी सरळ रेषेत येईल असा हाताने सारला.

"मी नापास झालो म्हणूनच तो नंतर घरी येत होता, असं मी धरून चाललो," ते म्हणाले. "तोंडावर सांगायला."

"तीनदा आले होते," लेक म्हणाली. "तुम्ही मोरीत उभे राहायचात आणि मला पुढे करायचात. बाबा घरी नाहीत. सहा वर्षांची होते मी. चिडलेले नसायचे ते, बाबा. तिसऱ्या खेपेला बराच वेळ पायरीवर बसून होते."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते दिवाळखोराने खिसे चाचपावे तसे काही क्षण आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जसं छापलं होतं तसंच लाव. गाणं पहिल्यापासून."

तिने अल्बमची मूळ टेप लावली, पाचव्या गाण्यापाशी आणून सोडली आणि खुर्ची वळवून पाठमोरी बसली. दोन मिनिटं दहा सेकंद झाले तेव्हा तिने यंत्रावरच्या ध्वनिमापकाच्या थरथरत्या सुईकडेच पाहिलं. लेक खिडकीबाहेर पाहत होती. मागून, गाणाऱ्याच्या आवाजाखाली, आणखी एक कोरडा, फुटका आवाज येऊ लागला. तो शब्द नीट म्हणत नव्हता, पण एकाही ठोक्याला मागे पडत नव्हता.

गाणं संपलं. तिचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढे काय आहे? मी यापुढचं कधी ऐकलं नाही."