नवऱ्याचं नाव

१९५८ साली मी बेंगळुरूच्या वेड्यांच्या इस्पितळात टायपिस्ट होते. मराठी नीट येणारी तिथं मी एकटीच, म्हणून बेळगावकडचं कुणी आलं की डॉक्टर हयवदन राव मला दुभाषी म्हणून बसवत.

ठकुबाई खानापूरकडची. नवऱ्याच्या खुनाचा आरोप. खटला चालवण्याइतकं तिचं डोकं ठिकाणावर आहे का, एवढंच डॉक्टरांनी कोर्टाला कळवायचं होतं. नाही म्हटलं, तर बरी होईपर्यंत मुक्काम इथंच. आणि इथून बरी होऊन गेलेली माणसं मी फारशी पाहिली नव्हती.

मी बहिणीच्या लग्नाला गेले असताना मोडकंतोडकं मराठी बोलणाऱ्या वॉर्डरनं काम उरकलं होतं. परतल्यावर अहवाल टाइप करायला घेतला. ‘नवऱ्याचं नाव सांगता आलं नाही. कोणाला मारलं, विचारल्यावर नुसती खाली बघत राहिली. खटल्यास अयोग्य.’

माझंच डोकं फिरलं. कागद मशीनमधून ओढला आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“डॉक्टर, मला माझ्या नवऱ्याचं नाव विचारा.”

“दामोदर. ओळखतो की मी त्यांना.”

“विचारा तर खरं!”

त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. नाटक करायला गेले आणि खरोखरच अडले. मॅट्रिक पास बाई, ‘सौ. सुलभा दामोदर’ अशी रोज सही ठोकणारी! लाजेनं कान तापले.

डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. “माझी आई जन्मभर वडिलांना नुसतं ‘इवरु’ म्हणाली, तुमच्यातलं ‘हे’ तसं,” ते म्हणाले. “सरी, ठीक आहे. बोलवा तिला.”

ठकुबाई येऊन भिंतीशी उभी राहिली. मी विचारलं, “इथं कशाला आणलंय, ठाऊक आहे?”

“मी येडी हाय का बघाया.”

“नाही ठरलीस तर?”

“जज्जापुढं उभी करतील. फाशी बी देतील.”

“मग वेडी ठरलेली बरी नाही का?” हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हता. मला तिच्या जिवाची भीती वाटली, म्हणून मीच विचारला.

“मग का मारलं ते कोण सांगणार, अक्का? एकच पोर हाय माजी. तिला जल्मभर येडीची पोर म्हनतील.”

मी एकेक शब्द कन्नडमध्ये सांगितला. डॉक्टरांनी जुना अहवाल फाडला. ‘खटल्यास योग्य’ हे मीच टाइप केलं, आणि आपण हिला वाचवलं की फासापर्यंत पोचवलं, हे काही केल्या कळेना.

दोन दिवसांनी पोलीस तिला न्यायला आले. मी फाटकापर्यंत गेले. म्हटलं, “कोर्टात त्यांचं नाव घ्यावं लागेल हो. तिथं गप्प बसू नकोस.”

ती थांबली.

“येकदा घेतलंय, अक्का. तेनं पोरीचा गळा धरला तवा. ‘बसवंता, सोड तिला,’ म्हनून वरडले.” तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. “न्हाई सोडलं. मग मुसळ घेतलं.”